टिकल्यांची मिरची

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले की आपण चकली उचलतो, चिवड्याचा बकाणा भरतो आणि जिभेला चुरचुरले म्हणजे समाधानाने मान डोलावतो. त्या चुरचुरण्याची मालकीण मिरची. ही मिरची आपल्या घरात इतकी रुळली आहे की ती परकी पाहुणी आहे, हे सांगूनही खरे वाटत नाही. पण ज्ञानेश्वरांच्या काळी महाराष्ट्रात कोणी मिरची पाहिलेली नव्हती. तिखट हवे असेल तर मिरे होते, पिंपळी होती, सुंठ आणि मोहरी होती. मिरची आली ती अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या गलबतांतून, सोळाव्या शतकात.

जगात अशी पाहुणी ठेवून घेणारे आपण एकटेच नाही. आपल्याइतक्याच मायेने तिला पोटाशी धरले ते तुर्कस्तानच्या आग्नेय भागाने. तेथील खाणावळीत शिरा, मेजावर मिठाच्या शेजारी एक लहान भांडे असते. त्यात लालभडक, किंचित तेलकट, जाडसर चुरा. हे त्यांचे ‘पुल बिबेर’. ‘पुल’ म्हणजे माशाचा खवला, किंवा कपड्यावर शिवायची चमकती टिकली. टपालाच्या तिकिटालाही ते पुलच म्हणतात! म्हणजे पुल बिबेर ही झाली टिकल्यांची मिरची.

‘बिबेर’ या शब्दाची कुळकथा तर आपल्याच दारात येऊन थांबते. संस्कृतातील ‘पिप्पली’, म्हणजे आपली पिंपळी, ग्रीकांकडे जाऊन ‘पेपेरी’ झाली आणि ग्रीकांकडून तुर्कांच्या तोंडी ती ‘बिबेर’ म्हणून बसली. पुढे मिरची आली तेव्हा तुर्कांनी तेच नाव तिला दिले. काळे बिबेर म्हणजे मिरे, तांबडे बिबेर म्हणजे मिरची. आपण तरी वेगळे काय केले? मिऱ्यांवरूनच मिरचीचे बारसे केले. जुन्या ओळखीच्या माणसाचे नाव नव्या सुनेला द्यावे, तसाच हा प्रकार.

मिरची तुर्कांकडे कोणत्या वाटेने गेली, याविषयी विद्वान दोन वाटा दाखवतात. एक पश्चिमेची: कोलंबसाच्या 1492च्या सफरीनंतर ती स्पेनमध्ये पोचली आणि भूमध्य समुद्राच्या बंदरांतून पुढे सरकली. दुसरी पूर्वेची: पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतले, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर मिरची रुजली, आणि येथून होर्मुझ, बसरा या मार्गाने व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून ती हलब शहरी गेली. हलब म्हणजे युरोपियन ज्याला अलेप्पो म्हणतात ते. 1516 साली ते उस्मानी तुर्कांच्या हाती आले होते आणि पूर्वेच्या मालाची ती मोठी पेठ होती. या दुसऱ्या वाटेला एक गमतीचा आधार आहे. लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1542 साली बासेल येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात मिरचीची चित्रे दिली आणि तिला नाव दिले ‘कालिकतचे मिरे’. अमेरिकेची लेक, पण युरोपच्या विद्वानाने तिचे माहेर मलबारात ठरवले! हंगेरीवर तुर्कांची सत्ता आली तेव्हा तेथील लोक तिला ‘तुर्की मिरे’ म्हणू लागले. ज्याच्या हातून वस्तू मिळाली त्याचे नाव तिला चिकटले.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील मुदपाकखान्याची ओढ दालचिनी, मिरे, केशर यांकडे अधिक. मिरचीला खरे घर मिळाले ते दूरच्या आग्नेय मुलखात. माराश, आंतेप, ऊर्फा ही तेथील गावे आणि त्यांच्या दक्षिणेला हलब. कडक ऊन, कोरडी हवा, धाब्याची घरे. मिरची वाळवायला याहून अधिक काय हवे?

ऑगस्ट-सप्टेंबर आला की त्या गच्च्या लाल होतात. बायका एकत्र बसून मिरच्यांची देठे खुडतात, त्या उभ्या चिरतात, आतल्या बिया आणि त्यांना धरून ठेवणारा पांढरा गर काढून टाकतात. मिरचीचा खरा जहालपणा त्या पांढऱ्या गरात असतो. तो गेला म्हणजे उरते ती गोडसर, सौम्य तिखट सालपटे. ती उन्हात वाळवायची, भरड कांडायची, मीठ मिसळायचे आणि वर तेलाचा हात फिरवायचा. म्हणून हे तिखट आपल्या तिखटासारखे धुळीगत उडत नाही. बोटांत धरले तर ओलसर लागते आणि टिकलीसारखे चमकते.

ऊर्फ्याची तऱ्हा आणखी न्यारी. तेथील मिरचीला ‘इसोत’ म्हणतात. ती दिवसा उन्हात पसरतात आणि रात्री गोळा करून झाकून ठेवतात. झाकणाखाली तिला घाम सुटतो. पुन्हा सकाळी ऊन, पुन्हा रात्री पांघरूण. असे अनेक दिवस केल्यावर तांबडी मिरची जांभळट काळी पडते आणि तिला मनुकांची गोडी व धुराचा वास येतो. धूर मात्र तिने कधी पाहिलेला नसतो! चैत्र-वैशाखात वाळवणे राखत बसलेल्या आपल्याकडच्या आजीबाईंना ही दगदग वेगळी समजावून सांगायला नको.

आता हे तिखट खातात कसे? मसुराच्या डाळीचे कढण शिजवून घोटतात. लोणी पातळ करून विस्तवावरून उतरवले की त्यात चिमूटभर पुल बिबेर आणि वाळका पुदिना टाकतात, आणि ते चुरचुरते लोणी कढणावर ओततात. ही त्यांची फोडणी. विस्तवावरून उतरवण्याला कारण आहे: हा चुरा क्षणात जळतो आणि कडू होतो. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही पाण्यात नव्हे, स्निग्ध पदार्थात उतरतात. म्हणून लोणी हवेच. लसूण घातलेल्या घट्ट दह्यावर उकळत्या पाण्यात फोडून शिजवलेली अंडी ठेवून त्यावरही हेच लाल लोणी सोडतात. त्याला ‘चिल्बिर’ म्हणतात. ऊर्फ्यात दलियात इसोत मळून ‘चि कोफ्ते’ करतात. मूळ पदार्थात कच्चे मांस असते, परंतु दुकानांतून आज बिनमांसाचा प्रकारच सर्रास विकला जातो. हलबची ‘मुहम्मरा’ म्हणजे अक्रोड, लाल मिरची आणि डाळिंबाच्या आटवलेल्या रसाची चटणी. आपल्या गृहिणींना प्रयोग करायचा असेल, तर ब्याडगी मिरचीच्या बिया काढून ती भरड कुटावी, मीठ आणि तेलाचा थेंब लावावा. अस्सल नव्हे, पण चुलत बहीण म्हणून चालेल.

येथवर कथा चवीची झाली. पुढची आहे माणसांची. उस्मानी राजवटीत आंतेप, ऊर्फा, माराश ही गावे हलबच्याच प्रांतात मोडत. पहिल्या महायुद्धानंतर, 1921 साली, फ्रान्स व अंकारा सरकार यांच्यात करार झाला आणि या मुलखातून सरहद्द गेली. हलब सीरियाकडे राहिले, बाकीची तुर्कस्तानात. गच्च्यांवरचे ऊन तेच, मिरची तीच. देश मात्र दोन झाले.

2011 साली सीरियात यादवी पेटली. 2012च्या सप्टेंबरात हलबचा शतकांचा जुना बाजार आगीत सापडला आणि शहरातील लढाई 2016च्या अखेरीपर्यंत चालली. लाखो माणसे सरहद्द ओलांडून तुर्कस्तानात आली; एकट्या आंतेपातच काही लाख. जगाच्या पेठांत ‘अलेप्पोची मिरची’ या नावाने बाटल्या विकल्या जात राहिल्या, पण आतला माल पुष्कळदा तुर्कस्तानातला असे. मग 6 फेब्रुवारी 2023 रोजी माराशच्या परिसरात एकाच दिवशी दोन प्रचंड भूकंप झाले. केवळ तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. ज्या घरांच्या गच्च्यांवर मिरच्या वाळत, त्यांतली कितीतरी घरे जमीनदोस्त झाली. हलबही त्या धक्क्यातून सुटले नाही.

मग ही मिरची कोणाची म्हणावी? अमेरिकेची, जेथे ती जन्मली? कालिकतची, जिचे नाव फुक्सने तिला दिले? हलबची की माराशची? मला वाटते, जन्मावरून किंवा बाटलीवरच्या नावावरून हा तंटा सुटायचा नाही. ज्या हातांनी तिच्या बिया काढल्या, रात्री तिला पांघरूण घातले, पावसाची चाहूल लागताच तिला उचलून आत नेले, त्या हातांची ती. असे हात घर सोडून परमुलखात गेले तरी आपली कला गाठीला बांधून नेतात. बाजार जळतो, भिंती पडतात, सरहद्दी सरकतात. पीक मात्र कोणासाठी थांबत नाही. ऑगस्ट आला की मिरची लाल होते, आणि ती कोणीतरी चिरून उन्हात घालावीच लागते.