वाहता बोया
वाहता बोया हे समुद्रप्रवाहासोबत वाहत जाऊन पृष्ठभागालगतच्या पाण्याचे तापमान मोजणारे व नोंदी उपग्रहामार्फत पाठवणारे साधन होय. सागरी संक्षोभाच्या, म्हणजे पाण्यातील अनियमित भोवऱ्यांच्या, अभ्यासात त्याचा उपयोग होतो. भोवरे उष्ण व थंड पाणी एकमेकांत मिसळतात. त्यामुळे तापमानाच्या बारीक चढउतारांत त्यांची खूण उमटते. मात्र दुपारच्या उन्हानेही पृष्ठभाग तापतो, म्हणून प्रत्येक चढउतार संक्षोभाचाच मानणे उतावीळपणाचे ठरते. सुमारे १५ मीटर खोलीवर लोंबणारे छिद्रयुक्त कापडी नळकांडे बोयाला प्रवाहासोबत ठेवते. ते तुटल्यास वारा बोयाला ढकलू लागतो आणि तो मूळ पाण्यापासून दुरावतो. तापमानाच्या नोंदी त्यानंतरही येत राहतात. परंतु त्या एकाच वाहत्या पाण्याच्या उरत नाहीत.