फिल्म तीच, साल वेगळं

तुझं वय चौदा. काखेत एक्सरेचं मोठं पाकीट. आतल्या फिल्मवर तुझा कणा छातीच्या भागात उजवीकडे ५८ अंश झुकलाय आणि खाली कंबरेत डावीकडे ४४ अंश. पुढे वाकलीस की उजव्या बरगड्या वर येतात; तुझ्या आईला ते पहिल्यांदा दिसलं ते तुझे केस धुऊन देताना. यात दप्तराचा दोष नाही, वाकडं बसण्याचाही नाही, शेजारच्या काकू काहीही म्हणोत. या वयातल्या बहुतेक स्कोलिओसिसचं, म्हणजे कण्याच्या अशा बाकाचं, नेमकं कारण कोणालाच सांगता येत नाही. पन्नास अंशांपुढचा बाक मात्र उंची वाढायची थांबली तरी वर्षागणिक थोडाथोडा वाढत राहतो, म्हणून ऑपरेशन.

आता ही फिल्म घेऊन मागे चल. ज्या साली थांबशील त्या सालचं ऑपरेशन तुझं.

१९३१, न्यूयॉर्क. रसेल हिब्ज यांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल. वॉर्डात इथरचा वास आणि ओल्या प्लास्टरचा. तुझ्या ५८ अंशांचं इथे कोणाला काही नाही. बाकाचा कोन मोजायची जॉन कॉबची पद्धत छापून यायला अजून सतरा वर्षं आहेत. तुला आडवं धरून डोक्यामागून थेट मांडीपर्यंत प्लास्टर चढवतात. ते वाळलं की बाकाच्या पातळीवर करवतीने आडवं कापतात. एका अंगाला बिजागरी, दुसऱ्या अंगाला आट्यांची दांडी. ही दांडी रोज थोडी फिरवायची. प्लास्टरची फट रुंद होत जाते आणि तिच्याबरोबर तू आत तिरपी होत जातेस. खाणं पडल्यापडल्या, बाकीचंही सगळं पडल्यापडल्या. खाज सुटली तर सुटली.

पुरेसं सरळ झालं असं वाटलं की पाठीवरच्या प्लास्टरला खिडकी पाडतात आणि त्या खिडकीतून ऑपरेशन करतात. धातूचा एक कणही आत जात नाही. मणक्यांच्या मागच्या कमानींवरून हाडाच्या बारीक कपच्या सोलायच्या आणि शेजारच्या मणक्यावर आडव्या घालायच्या, म्हणजे काही महिन्यांनी सगळे मणके मिळून एकच हाड होतं. हिब्ज यांनी हे १९११ मध्ये मणक्याच्या क्षयासाठी सुरू केलं आणि १९१४ मध्ये तुझ्यासारख्या बाकासाठी वापरलं. तू थांबली आहेस त्याच साली त्यांनी सहकारी रिसर आणि फर्ग्युसन यांच्यासह ३६० रुग्णांचा हिशेब मांडलाय. पण कपच्या जुळेपर्यंत कणा धरायचा कोणी? प्लास्टरनेच. म्हणजे तू परत आडवी, महिनोन् महिने.

दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकन ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या समितीने ४२५ रुग्ण तपासले. मणके जोडलेल्यांपैकी २८ टक्क्यांत हाड कुठेतरी जुळलंच नव्हतं. तुला हे सगळं रानटी वाटत असेल. मला हिब्ज यांच्याबद्दल आदर वाटतो, कारण त्यांची मूळ गोष्ट आजतागायत कोणी खोडलेली नाही: कणा शेवटी सरळ ठेवतं ते हाड. पुढच्या नव्वद वर्षांत जे काही स्टील आणि टायटॅनियम पाठीत गेलं, ते हाड जुळेपर्यंत धरून ठेवण्यासाठी.

१९६१, ह्यूस्टन. पॉल हॅरिंग्टन, कॅन्ससचे एकेकाळचे बास्केटबॉलपटू. युद्धावरून परतून १९४५ मध्ये ते इथे आले तेव्हा वॉर्ड पोलिओच्या मुलांनी भरले होते. श्वासाचे स्नायू आधीच लुळे. त्या छातीला प्लास्टरमध्ये आवळलं तर मूल गुदमरणार. तेव्हा बाहेरून आवळण्यापेक्षा आतूनच धरायचं, हा विचार निकडीतून आला. तुझ्या बाकाच्या आतल्या अंगाला दोन हूक बसतात, एक वरच्या मणक्याला, एक अगदी खालच्या. मध्ये स्टेनलेस स्टीलची सळी, टोकाला खाचा पाडलेली. गाडी उचलायच्या जॅकसारखं वरचं हूक एकेक खाच चढतं आणि तुझा कणा ताणला जातो.

सुरुवातीला हॅरिंग्टन मणके जोडतच नव्हते, नुसती सळी घालत. हूक निसटली, सळ्या मोडल्या. वर्षानुवर्षं वाकवलं-सरळ केलं तर कुठलंही स्टील थकतं, आणि ही सळी बहुधा पहिल्या खाचेपाशीच तुटायची. मग हिब्ज परत आले: सळी ताणणार, नितंबाच्या हाडातून काढलेल्या तुकड्यांनी मणके जोडायचे, आणि हाड सळीच्या आधी शर्यत जिंकेल अशी आशा धरायची. मिनिआपोलिसच्या जॉन मो यांनी हे हाड जोडण्याचं काम अतिशय निगुतीने केलं. हॅरिंग्टनच्या सळीला जे यश मिळालं त्यातला मोठा वाटा माझ्या मते मो यांचा आहे. १९६२ मध्ये हॅरिंग्टन यांचा लेख छापून आला आणि पुढची वीस वर्षं जगभर हीच पद्धत.

तुझा बाक निम्म्यावर आलाय. आधी बिछाना, मग काही महिने प्लास्टर, पण तू प्लास्टर घालून चालतेस. खूश आहेस. जरा थांब.

१९९०. तू त्रेचाळीस वर्षांची आहेस, सळी अजून आतच आहे. ओट्यापाशी उभी आहेस आणि गुडघे थोडे वाकवलेले आहेत, कारण ते सरळ केले की तू पुढे झुकतेस. संध्याकाळी मांड्या भरून येतात. कंबरेला जो नैसर्गिक आतला बाक असतो तो तुझ्याकडे उरलेला नाही. दोन टोकांना धरून ताणलं तेव्हा कडेचा बाक गेला आणि त्याच्याबरोबर हाही गेला. समोरून काढलेल्या एक्सरेत ते दिसलं नाही, आणि शाबासकी मिळत होती ती समोरच्या एक्सरेला. हॅरिंग्टनच्या असंख्य पेशंटनी नोकऱ्या केल्या, बाळंतपणं निभावली, काहीही झालं नाही. सळी चौथ्या-पाचव्या कंबरेच्या मणक्यापर्यंत उतरलेल्यांना हे भोगावं लागलं. तुझी चौथ्यापर्यंत उतरली होती.

सत्तरच्या दशकात फार रेंगाळायचं नाही, पण दोन खोल्यांत डोकाव. लिऑं, १९७३. तुझी पाठ उघडी आहे, सळी ताणून झालीय आणि भूल मुद्दाम हलकी करतायत. कोणीतरी कानाशी सांगतं, मूठ आवळ. तू आवळतेस. आता पाय हलव. ओटीतले सगळे चादरीखालून बाहेर आलेल्या तुझ्या अंगठ्यांकडे बघतायत. ते हलले की तुला परत झोपवतात; हलले नसते तर मज्जारज्जूवर ताण आलाय असं समजून सळी तिथल्या तिथे सैल केली असती. स्तान्यारा आणि सहकाऱ्यांची ही चाचणी. आज हे काम बहुतेक वेळा मज्जारज्जूतून जाणारे विद्युत संकेत टिपणारं यंत्र करतं.

दुसरी खोली मेक्सिको सिटीत. एदुआर्दो लूके यांच्या पेशंटना उकाड्यात प्लास्टर झेपत नाही, दुरून पुन्हा पुन्हा तपासायला येणंही परवडत नाही. म्हणून ते प्रत्येक मणक्याच्या कमानीखालून तार ओवतात आणि दोन सळ्यांना पिळून बांधतात. भार दोन टोकांऐवजी सगळ्या मणक्यांवर वाटला जातो, प्लास्टरची गरज उरत नाही. पण तार जिथून जाते तिथे खाली लगेच मज्जारज्जू आहे, आणि अशा तारा दोन्ही बाजूंना, मणक्यामागून मणका ओवायच्या. चालत्याफिरत्या, धडधाकट मुलीत एवढा धोका का पत्करायचा, असं अनेक सर्जन म्हणाले. मला ते पटतं. सेरेब्रल पाल्सीसारख्या आजारातल्या बाकांसाठी मात्र लूकेंची कल्पना पुढे फार वर्षं टिकली.

१९८३, जानेवारी, पॅरिस. सें-व्हॅंसाँ-द-पोल हॉस्पिटल. इथे नीट बघ. ईव्ह कॉत्रेल आणि जाँ द्युबूसे यांनी टेबलावर ठेवलेली सळी खरखरीत आहे, हूक तिच्यावर कुठेही घट्ट बसावं म्हणून. ती सरळ नाही. तुझ्या वाकड्या कण्याचा आकार तिला हाताने दिलाय. वरपासून खालपर्यंत ठिकठिकाणी हूक लावून सळी त्यांत बसवतात. अजून काहीच सुधारलेलं नाही, वाकड्या कण्यात वाकडी सळी एवढंच. मग दोघं मिळून सळी तिच्या अक्षाभोवती नव्वद अंश फिरवतात. कडेला असलेला बाक मागे जातो, म्हणजे छातीच्या भागात निसर्गतःच जो थोडा बाक मागे असायला हवा तिथे. ताणणं नाहीच. दुसरी सळी बसते, दोन्ही आडव्या पट्ट्यांनी जोडतात, आणि तू काही दिवसांत उठून चालू लागतेस, प्लास्टरशिवाय.

नंतरच्या सीटी स्कॅनांनी दाखवलं की मणक्यांचा पीळ सळी फिरवल्याने वाटला होता तेवढा सुटत नाही. बरगड्यांचा उंचवटा बराचसा राहतो. तरी बाजूने काढलेला एक्सरे समोरच्याइतकाच महत्त्वाचा, हे सर्जनांच्या डोक्यात पक्कं बसलं ते या ओटीतून.

१९९५, सोल. हूक कमानीला मागून पकडतं. स्क्रू मणक्यात मागून पुढपर्यंत घुसतो आणि म्हणून अख्खा मणका हातात येतो. पॅरिसमध्ये रोय-कामी यांनी १९६३ पासून असे स्क्रू घातले होते, पण मुख्यतः कंबरेत. छातीच्या भागात स्क्रू जायची वाट काही मिलिमीटर रुंद, आणि बाकाच्या आतल्या अंगाला हाड आणि मज्जारज्जूचं आवरण यांच्यात एक मिलिमीटरहून कमी जागा. कोरियाचे से-इल सूक तिथेही घालतात. हूकांनी ५५ टक्के आणि दर मणक्याला स्क्रू घालून ७२ टक्के सुधारणा, असे आकडे ते याच साली छापतात. तुझ्या ५८ अंशांचे सोळा-सतरा उरतात. स्क्रूंना लांब दांडे लावून मणके एकेक करून उलटे फिरवायचीही सोय पुढे झाली, आणि बरगड्यांचा उंचवटा खरोखर कमी झाला.

हा निकाल एकतर्फी वाटतो. पण स्क्रूंनी इतकं घट्ट धरलं की छातीचा नैसर्गिक मागचा बाक परत सपाट होऊ लागला, जो तार आणि हूकांच्या मिश्र पद्धतीत जास्त टिकायचा. हॅरिंग्टनने कंबरेत केलेली चूक वेगळ्या दारातून आली. सळ्या आता त्या हिशेबाने जास्त वाकवून घेतात, कडक मिश्रधातूच्या वापरतात. आणि पेशंटना स्वतःला कसं वाटतं हे प्रश्नावलीने विचारलं की हूकवाल्या आणि स्क्रूवाल्या मुलींच्या उत्तरांत फिल्मवर दिसतो तेवढा फरक दिसत नाही. बिलात मात्र प्रत्येक स्क्रूची वेगळी ओळ असते, म्हणून दर मणक्याला दोन घालायचेच का, कमी पुरतील का, यावर सर्जनांची अजून वादावादी चालू आहे. ती चांगलीच गोष्ट आहे.

आता आजच्या सालात ये. डॉक्टर स्क्रीनवर तुझी फिल्म बघतायत. तू नेटवर वाचलंय की मणके न जोडताही एक ऑपरेशन होतं: छातीतून जाऊन बाकाच्या बाहेरच्या अंगाला स्क्रू, त्यांत लवचिक दोरी, दोरीची बाजू वाढायची थांबते, दुसरी वाढते आणि कणा वाढता वाढता सरळ होतो. सिडनीच्या ड्वायर यांनी १९६९ मध्ये समोरून अशीच तार घातली होती, पण ते मणके जोडायचे. ही दोरी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली, ३० ते ६५ अंशांसाठी. ती तुटते कधीकधी, कधी बाक उलट्या बाजूला जातो. तुझ्या बाबतीत प्रश्नच मिटलाय: पाळी सुरू होऊन दोन वर्षं झाली, नितंबाच्या हाडावरची वाढीची रेघ जवळजवळ पूर्ण झालीय. दोरीला काम करायला वाढच उरलेली नाही.

तेव्हा सळ्या आणि स्क्रू. ते कोणत्या कंपनीचे हे विचारत बसू नकोस. कुठपर्यंत, ते विचार. कंबरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी थांबले तर खाली तीन सांधे हलते राहतील, चौथ्यापर्यंत गेले तर दोन. डॉक्टर म्हणतायत, ते बेंडिंग एक्सरेवर ठरेल. तो खालच्या मजल्यावर काढतात. टेक्निशियन डावीकडे वाक म्हणेल तेव्हा मनापासून वाक, दुखलं तरी. कंबरेचा बाक त्या फिल्मवर जितका सैल सुटेल तितके ते तिसऱ्यावर थांबायला तयार होतील.