वेणीचा शेंडा

इतिहासकारांनी मिशांना फार भाव दिला. कोणी ताव दिला, कोणाची उतरली, सगळ्याची साग्रसंगीत नोंद आहे. वेणीकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणून हे काम माझ्यावर आलं. माझ्या डोक्यावर आता केसांचा नुसता इतिहासच उरलेला असल्यामुळे मी निःपक्षपाती आहे, एवढं तरी वाचकांनी मान्य करावं.

इंदापूर तालुक्यातलं वरकुटे हे आमचं गाव. विहिरीचं पाणी असं जड, की साबणाला फेस यायच्या आधी माणसाच्या तोंडाला यायचा. जड पाण्यातले क्षार साबणाशी गट्टी करतात, त्याचा चिकट साका होतो आणि केसांवर बसतो. अशा केसांनी खुशाल भांडी घासावीत! शिकेकाईचा फेस मात्र या क्षारांना बधत नाही. म्हणून आदल्या रात्री खोबरेल आणि सकाळी शिकेकाई, हा आजीचा कायदा. त्यावर अपील नव्हतं.

ती शिकेकाई कुटायची आजोबांची बहीण. आम्ही सगळे तिला आत्याच म्हणायचो. घरातल्या पोरींची डोकी तिच्या ताब्यात. गुंता सोडवताना फणी आधी शेंड्याला, मग हळूहळू वर. पोरगी रडली असं कधी झालं नाही. आत्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र आलवण. न कळत्या वयात नवरा गेला, आणि मग न्हाव्याला बोलावणं गेलं.

विधवांचं केशवपन करायचं नाही, म्हणून मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली संप केला होता. त्यांना उभं केलं नारायण मेघाजी लोखंडे यांनी. वस्तरा चालवणाऱ्यांना जे उमगलं, ते शास्त्र चालवणाऱ्यांना उमगेना. आत्याचा जन्म त्या संपानंतरचा. पण मुंबईहून वरकुट्याला पोचायला त्या संपाला फार वर्षं लागली.

आता नात पुण्याहून येते ती कंडिशनरची बाटली घेऊन. मी विचारलं, "म्हणजे शांपूनं बिघडवायचं आणि ह्यानं दुरुस्त करायचं?"

"आजोबा, दुरुस्त काही होत नसतं. केस मेलेलाच असतो. आणखी बिघडू द्यायचा नाही, एवढंच."

मग तिनं माझी शिकवणी घेतली. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचा शेंडा पाचसहा वर्षांचा. तेवढे उन्हाळे आणि एखादी लोकसभा त्यानं पाहिलेली असते. त्याचे खवले उचकटतात, त्याच्यावर ऋण भार येतो. कंडिशनरमधले धन भाराचे कण तिथे घरजावयासारखे चिकटतात, खवले खाली बसतात, घर्षण कमी होतं आणि विंचरताना केस तुटत नाही. म्हणून तो टाळूला चोपडायचा नाही. शेंड्यांना लावून दोनतीन मिनिटं ठेवायचा आणि धुऊन टाकायचा.

"आणि आजीचं खोबरेल?"

त्याचाही निकाल लागलेला निघाला. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसांतून जाणारं प्रथिन रोखलं ते एकट्या खोबरेलानं, कारण ते केसाच्या आत मुरतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीनंच खोबरेलाला पहिला नंबर द्यावा, यावर गालातल्या गालात हसायला हरकत नाही. पण आजीचं अपील न होणारं कलम टिकलं खरं.

आत्याला क्षार ठाऊक नव्हते, भार ठाऊक नव्हते. शेंडा सगळ्यांत जुना, त्याला आधी सांभाळायचं, एवढं तिच्या बोटांना कळत होतं. ज्याच्या डोक्यावर केस नाहीत त्याच्याकडून केसांची निगा शिकावी, हे माझ्या बाबतीत विनोदी वाटेल. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या वेण्या मात्र तशाच वाढल्या.