काचेच्या पेटीतली ज्वारी

भिवंडीच्या महानगरपालिकेच्या अधिकृत नावात आजही निजामपूर आहे. लोकांच्या तोंडी तो निजामपुरा. या शहरातून वाहणारी कामवारी नदी पुढे उल्हासच्या खाडीला मिळते. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारला जाऊ लागला. हिवतापाला मोठा आळा बसला, असंख्य जीव वाचले. पण सारवणात, सांडपाण्यात, पावसात त्या भिंतींवरचा डीडीटी गेला कुठे, हा प्रश्न मागे राहिला.

वाहत्या नदीत याचे उत्तर शोधणे कठीण. किती विष आत आले तेच ठाऊक नसते, मग हिशेब कसा जुळवायचा? म्हणून नदीच लहान करून काचेत आणण्याची युक्ती निघाली. 1971 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांचे सहकारी गुरचरण संघा व इंदर कपूर यांनी अशा ‘नमुना परिसंस्थे’चे वर्णन प्रसिद्ध केले. मत्स्यपेटीत एका बाजूला वाळूचा उतार, दुसऱ्या बाजूला पाणी. उतारावर पेरली होती चक्क ज्वारी! तिच्या पानांवर किरणोत्सारी अणूंनी चिन्हांकित केलेले कीटकनाशक लावायचे. ती पाने सुरवंट खाणार, त्यांची विष्ठा पाण्यात पडणार. तिथून शेवाळ, गोगलगायी, डासांच्या अळ्या आणि शेवटी अळ्या खाणारा गंबुशिया मासा. 33 दिवसांनी प्रत्येक जिवात किती विष उतरले ते मोजायचे.

माशाच्या शरीरात डीडीटी पाण्यापेक्षा सुमारे 84,000 पट साठला. त्याच कुळातला मिथॉक्सीक्लोर मात्र सुमारे 1,500 पटच, कारण मासा त्याचे विघटन करू शकतो. पण गोगलगायीला ते जमत नाही. तिच्यात मिथॉक्सीक्लोर डीडीटीहूनही अधिक साठला. म्हणजे ‘सुरक्षित’ हा शब्द वापरताना कोणासाठी, हेही सांगावे लागते. पुढल्याच वर्षी अमेरिकेने डीडीटीच्या जवळजवळ सर्व वापरांवर बंदी घातली. भारतात शेतीतला वापर 1989 मध्ये थांबवण्यात आला; रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी तो चालू राहिला.

तेव्हा इथल्या पाण्यात काय होते, हे पाहणे आपल्यालाच भाग होते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी ते काम केले. चिन्हांकित डीडीटी आणि क्लोरपायरीफॉस सागरी पर्यावरणात कसे विघटित होतात, यावरचे त्यांचे निबंध 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ‘निसर्गऋण’ जैववायू प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झालेले डॉ. शरद काळे त्या संशोधकांपैकी एक.

हवा न पोचणाऱ्या गाळात डीडीटीचे रूपांतर मुख्यतः डीडीडीमध्ये होते. मात्र डीडीटी दिसेनासा झाला म्हणजे विष संपले, असे नव्हे. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकमध्ये चिलटे मारण्यासाठी 1949 पासून हाच डीडीडी टाकला गेला आणि पुढे तिथले मासे खाणारे पाणपक्षी मोठ्या संख्येने मेले.

काचेच्या पेटीत भरती-ओहोटी नसते, खारफुटी नसते, यंत्रमागाच्या शहराचे सांडपाणीही नसते. ती दोन रसायनांची तुलना चोख करते. एखाद्या खाडीचे भविष्य सांगत नाही. म्हणून नव्या कीटकनाशकाला परवाना देताना एक प्रश्न विचारायलाच हवा: याची परीक्षा कोणत्या पाण्यात, कोणत्या गाळात झाली? कामवारीच्या काठच्या माणसांना त्याचे उत्तर मागण्याचा हक्क आहे.