सर्पदंश : प्रथमोपचार आणि शरीरावर होणारे परिणाम

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत झाले. सापाच्या विषावर औषध आहे. मात्र ते वेळेत मिळायला हवे. म्हणून साप चावल्यास दोन गोष्टी लक्षात ठेवा: चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि लगेच रुग्णालय गाठा.

विषारी साप कोणते?

आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. माणसांचे सर्वाधिक मृत्यू ज्यांच्या दंशाने होतात, ते प्रमुख चार साप असे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पण साप ओळखता आला नाही म्हणून थांबू नका. प्रत्येक दंश विषारी समजूनच रुग्णालयात जा.

हालचाल का टाळायची?

साप चावल्यावर विष बहुधा त्वचेखाली किंवा स्नायूत जाते. तेथून ते मुख्यतः लसिकावाहिन्यांमधून पुढे जाऊन रक्तात मिसळते. लसिका म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणारा प्रवाह. त्याला पुढे ढकलणारा हृदयासारखा पंप नसतो. आपण चालतो, धावतो, तेव्हा आकुंचन पावणारे स्नायूच त्याला पुढे ढकलतात. व्यायामात हीच क्रिया उपयोगी ठरते, सर्पदंशात मात्र ती विष लवकर पसरवते. म्हणून रुग्णाला पळवू किंवा चालवू नये.

विषाचा शरीरावर परिणाम

- चेतासंस्था व श्वसन: नाग आणि मण्यार यांचे विष चेतांकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडवते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. पुढे श्वासपटल आणि बरगड्यांचे स्नायू लुळे पडून श्वास थांबू शकतो.
- रक्त व मूत्रपिंडे: घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, लघवीतून किंवा जखमेतून रक्त येते, सूज वाढते. घोणसच्या दंशाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिच्या दंशाची खूण व वेदना अनेकदा जाणवतही नाही. पहाटे अचानक पोटात दुखू लागले, उलट्या झाल्या किंवा पापण्या मिटू लागल्या, तर मण्यारचा दंश असू शकतो हे लक्षात घ्या.

काय करावे?

१. रुग्णाला धीर द्या आणि आडवे झोपवा. भीतीने हृदयाचे ठोके वाढतात.
२. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, बूट काढा. सूज आल्यावर ते रुततात.
३. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा काठी लावून, कापडाने सैलसर बांधून अवयव स्थिर करा.
४. १०८ वर फोन करा. रुग्णवाहिका येण्यास वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने जा. दुचाकीवर न्यावे लागल्यास रुग्णाला मध्ये बसवा व मागून एकाने धरा.
५. उलटी होत असल्यास डाव्या कुशीवर वळवा.
६. श्वास थांबल्यास, प्रशिक्षण घेतले असेल तर कृत्रिम श्वासोच्छ्वास द्या. लुळा पडलेला रुग्ण सगळे ऐकत असू शकतो.
७. दंशाची वेळ आणि दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगा.

काय करू नये?

- आवळपट्टी किंवा दोरी घट्ट बांधू नका. रक्तप्रवाह अडून अवयव कायमचा निकामी होऊ शकतो. आधीच कोणी बांधली असेल, तर ती डॉक्टरांसमोरच सोडवा.
- जखम चिरू नका, तोंडाने विष चोखू नका, चुना, हळद, बर्फ लावू नका.
- दारू किंवा गावठी औषध देऊ नका.
- साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका. शक्य असल्यास लांबूनच फोटो काढा.
- मांत्रिकाकडे नेऊ नका. बिनविषारी दंशाचा रुग्ण तसाही बरा होतो, म्हणून उतारा लागू पडल्यासारखा वाटतो.

रुग्णालयात काय उपचार होतात?

सरकारी रुग्णालयांत प्रतिसर्पविष (सर्पदंशाची लस) मोफत दिले जाते. विषबाधेची लक्षणे असतील तरच ते देतात. रक्त गोठते का, हे पाहण्यासाठी काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. लहान मुलांनाही मोठ्यांइतकाच डोस लागतो, कारण साप विष सोडताना वय पाहत नाही. पालकांनी डोस पाहून घाबरू नये. लक्षणे नसली तरी डॉक्टर सांगतील तितका वेळ देखरेखीखाली राहा.

आर्थिक मदत

- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: १८ ते ७० वयाच्या बँक खातेदारांसाठी. वार्षिक हप्ता २० रुपये, अपघाती मृत्यूस २ लाख रुपये. सर्पदंशाच्या दाव्यासाठी रुग्णालयाची तत्काळ नोंद आवश्यक असते.
- महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना: १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी व कुटुंबातील एक सदस्य. मृत्यूस २ लाख रुपये, सर्पदंशाचा समावेश आहे.

रुग्णालयाचे सर्व कागद जपून ठेवा.

प्रतिबंध

खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. रात्री बाहेर जाताना टॉर्च घ्या. शेतात गमबूट घाला. लाकूडफाट्यात, बिळात हात घालू नका. उंदीर सापांना घराकडे आणतात, म्हणून धान्य झाकून ठेवा.