गीताची संहिता आणि समीक्षेचे मौन : ‘गीतरामायणा’च्या स्वीकाराचा इतिहास

मराठी समीक्षेच्या इतिहासात १९५५ हे वर्ष प्रामुख्याने बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथासाठी नोंदवले जाते. त्याच वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. अधिक मासामुळे लांबलेली ही मालिका १९ एप्रिल १९५६ रोजी छप्पन्नाव्या गीताने संपली. त्याआधी चारच आठवडे, २० मार्चला, मर्ढेकरांचे निधन झाले होते. ते स्वतः आकाशवाणीच्या सेवेत होते आणि त्यांनी संगीतिकाही लिहिल्या होत्या. त्यांच्या सौंदर्यविचाराचा मध्यवर्ती शब्द ‘लय’ हाच होता. असे असूनही, या विचाराच्या प्रभावाखाली घडलेल्या समीक्षेला महाराष्ट्रभर गायिल्या जाणाऱ्या या कृतीची दखल ‘गीत’ या गौण प्रकाराबाहेर जाऊन घ्यावीशी वाटली नाही. या विसंगतीचा उलगडा केवळ अभिजनांच्या तुच्छतेतून होत नाही. समीक्षेने नेमके काय वाचले, हा प्रश्न त्यासाठी प्रथम विचारला पाहिजे.

‘गीतरामायणा’चा अनादर झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. माडगूळकरांना ‘आधुनिक वाल्मीकी’ हे बिरुद मिळाले आणि १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही लाभले. मात्र बिरुद हा चिकित्सेचा पर्याय होऊ शकतो. एका बाजूला भाविक गौरव आणि दुसऱ्या बाजूला ‘हे काव्य की पद्यरचना?’ अशी शंका, या दोहोंच्या मध्ये कृतीच्या घडणीचा विचार राहून गेला. गौरव करणाऱ्यांनी कथेला वंदन केले, शंका घेणाऱ्यांनी शब्द तपासले. ज्या रूपात ही कृती लोकांपर्यंत पोहोचली, त्या गायनाची चिकित्सा मात्र दोन्ही पक्षांनी संगीताच्या जाणकारांवर सोपवली.

वस्तुतः ‘गीतरामायण’ ही एक संहिता नसून तीन संहिता आहेत. पहिली नभोवाणीवरची. तिच्यात रामाची गीते फडके गात असत, तर अन्य पात्रांना माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक अशा निरनिराळ्या गायकांचे आवाज लाभले होते. आठवड्याला एक गीत या क्रमाने उलगडणारी ही बहुस्वरी श्राव्य नाट्यरचना होती. दुसरी संहिता ग्रंथाची. केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीला प्रसिद्ध केली. तिसरी मैफलीची. तिच्यात फडके पेटी समोर घेऊन सर्व पात्रांची गीते एकटेच गात. पुढे ध्वनिमुद्रिकांतूनही हेच रूप घरोघर पोहोचले. साहित्यसमीक्षेच्या हाती यांपैकी फक्त दुसरी संहिता होती.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची संकल्पना येथे उपयोगी पडते. नवकाव्याच्या वाचकाचे क्षितिज एकाकी, मौन वाचनाचे होते. मैफलीच्या श्रोत्याचे क्षितिज कीर्तनाने घडवलेले होते. ज्या सोलापुराने लावणीकार आणि कीर्तनकार अशा दोन्ही नात्यांनी राम जोशी दिला, त्या भागातील मंद्रूपसारख्या गावी एकाच माणसाने आवाजाच्या बळावर राजा, राणी आणि राक्षस उभे करावेत, यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. त्याच राम जोशींवरील १९४७ च्या बोलपटाचे लेखन माडगूळकरांनी केले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मौखिक परंपरेची रीत त्यांना अपरिचित नव्हती.

या भेदाचा परिणाम चित्रकूटावर राम भरताचे सांत्वन करतो त्या गीतात स्पष्ट दिसतो. छापील पानावर त्याची अनेक कडवी एकाखाली एक ठेवलेल्या सुभाषितांसारखी भासतात. वियोग, जरा, मरण यांची उदाहरणे येत राहतात आणि विचार पुढे सरकत नाही, असा आक्षेप घेता येतो. यमनकल्याणात बांधलेली चाल ऐकताना मात्र हीच पुनरावृत्ती अर्थपूर्ण होते. प्रत्येक दृष्टान्त ध्रुपदाकडे परततो आणि त्या परतण्यातच सांत्वन असते. दुःखी माणसाला युक्तिवाद पटवून देता येत नाही. तेच सत्य त्याच्यापाशी बसून पुन्हा पुन्हा सांगावे लागते. मर्ढेकरांनी सांगितलेल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची परीक्षा घेण्यास याहून अनुकूल उदाहरण क्वचितच सापडेल.

याचा अर्थ चालीने शब्दांचे सर्व दोष झाकले जातात, असा नव्हे. संस्कृतप्रचुर विशेषणांचा सोस, अनुप्रासाची हौस आणि रामाच्या आदर्शत्वाविषयीची निःशंक श्रद्धा या मर्यादा गायनातही जाणवतात. परंतु या श्रद्धेला कृतीतूनच एक छेद जातो. पंचावन्नावे गीत परित्यक्त सीतेचे आहे. आता कुठे जाऊ, असे ती लक्ष्मणाला विचारते. नभोवाणीवर हा प्रश्न रामाच्या गायकाहून वेगळ्या आवाजात आला. मैफलीत मात्र रामाची गीते गाणारा कंठच सीतेचा प्रश्न विचारतो. एकाच कंठातून न्याय आणि अन्याय दोन्ही ऐकू येतात. छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी कुश-लवांना रामायण गाण्यास सांगतात, आणि पहिल्या गीतात तीच मुले रामासमोर गात असतात. शेवट असा आरंभाला जोडला गेल्याने सगळी कथा त्यागलेल्या मुलांनी पित्याला ऐकवलेली कथा ठरते. भक्तिभावाने ऐकणाऱ्या श्रोत्यालाही या रचनेने एका अस्वस्थ श्रोत्याच्या, म्हणजे खुद्द रामाच्या, शेजारी बसवले आहे.

ही रचना ग्रंथातही शोधता येते. तिच्यातील आवाजांचे नाते मात्र ऐकल्याखेरीज कळत नाही. लोकप्रिय गीताची प्रगल्भता कोणत्या निकषांवर ठरवावी, हा प्रश्न म्हणून केवळ माडगूळकर-फडके यांच्यापुरता मर्यादित राहत नाही. ओवी, अभंग, पोवाडा, लावणी ही मराठी कवितेची मोठी परंपरा गाऊनच टिकली. तिचा अभ्यास मात्र आपण पुस्तके उघडून केला. ‘गीतरामायणा’च्या तिन्ही संहिता शेजारी ठेवून वाचल्या आणि ऐकल्या, तर समीक्षेचे जुने मौन कशामुळे होते हे कळेल, आणि मर्ढेकरांनी मध्यवर्ती मानलेल्या लयीलाही काव्यविचारात तिचा ध्वनी परत मिळेल.