हिंगणघाटची कबर आणि पोकळीतला लंबक

आमच्या झाडीपट्टीत चैत्रातल्या पहाटे मोहफूल टपकन सरळ खाली पडते. सागाचे वाळके पान मात्र गिरक्या घेत उतरते. गोंदिया जिल्ह्यात मोह वेचणाऱ्या बाईला हा फरक शिकवावा लागत नाही. हा फरक हवेचा आहे, पृथ्वीच्या ओढीचा नव्हे. हवा काढून घेतली तर दोन्ही एकाच वेगाने खाली येतील. 1971 साली चंद्रावर हातोडा आणि पीस बरोबर पडलेले जगाने पाहिले. त्याआधी शंभर वर्षे हिंदुस्थानात या ओढीचे मोजमाप चालू होते, आणि त्याचा एक धागा आपल्या विदर्भात सापडतो.

वीस मीटरवरून वस्तू पडायला जेमतेम दोन सेकंद लागतात. इतक्या थोड्या वेळात अचूक मोजणार काय? म्हणून लंबक. त्याचा झोका म्हणजे दोरीने आवरलेले पडणेच, आणि झोके हजारोंनी मोजता येतात.

महासर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्टन 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या साखळ्या आणि थिओडोलाइटवर पुष्कळ लिहिले गेले. मला त्याचा एके काळचा साहाय्यक हेन्री काटेर अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रकृती ढासळल्यावर तो इंग्लंडला परतला आणि उलटसुलट टांगता येणारा लंबक त्याने घडवला. आमच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी तोच झुलवतात. (पुस्तकातले 9.8 गोंदियाच्या अक्षांशावर 9.79च्या आसपास येते.)

काटेरने हवेचा परिणाम कागदावर वजा केला होता. लंबक थोडी हवा बरोबर ओढत नेतो, म्हणून ती वजाबाकी अपुरी पडते, हे 1828 साली बेसेलने दाखवले. तेव्हा 1865 पासून कॅप्टन जेम्स बासेव्हीने रॉयल सोसायटीचे लंबक हवा उपसलेल्या भांड्यातच झुलवले. लॅम्टनच्याच रेखावृत्ताच्या पट्ट्याने त्याने दक्षिण टोक आणि हिमालय यांच्या दरम्यान मोजमापे घेतली. किनाऱ्यावर ओढ अपेक्षेपेक्षा जास्त निघाली, डोंगरांत कमी. एवढा हिमालय डोक्यावर असून ओढ कमी, म्हणजे त्याच्या बुडाशी हलका खडक असला पाहिजे. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट आणि इंग्लंडचे एअरी यांनी त्याआधीच नुसत्या गणिताने हेच सुचवले होते.

लडाखमधील मोरेच्या पठारावर, 15 हजार फुटांहून उंच, बासेव्हीने लंबक लावला. 17 जुलै 1871 रोजी तो तिथेच वारला. उरलेले काम हेविसाइडने पुरे केले.